वृद्धाश्रमातील व्यायाम: खुर्चीतून उठण्याची ताकद टिकवण्यासाठी

वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य बहुतांशी एका कृतीवर टिकून असते, आणि ती म्हणजे कोणाचाही हात न धरता खुर्चीतून किंवा पलंगावरून उठून उभे राहणे. हे ज्याला जमते तो रात्री स्वतः शौचालयापर्यंत जातो, जेवायला स्वतः येऊन बसतो, भेटायला आलेल्या नातवंडांना फाटकापर्यंत सोडायला जातो. ज्याला जमत नाही त्याला प्रत्येक वेळी मावशींची किंवा सेवकाची वाट पाहावी लागते. असा माणूस लघवीला उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पिऊ लागतो, त्यातून बद्धकोष्ठता आणि लघवीचा संसर्ग होतो, पुढे डायपर येतो आणि बघता बघता तो अंथरुणाला खिळतो. म्हणून वृद्धाश्रमातील व्यायामाकडे सकाळचा एक तास भरून काढणारी करमणूक म्हणून पाहू नये. पायांतील ताकद आणि शरीराचा तोल टिकवणे हा त्याचा पहिला हेतू आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच हेतूने दिलेल्या आहेत.

सोलापुरातील वृद्धाश्रमांत येणाऱ्या आजी-आजोबांपैकी अनेकांचे आयुष्य अंगमेहनतीत गेलेले असते. कोणी यंत्रमागावर उभ्याने पाळ्या केलेल्या असतात, कोणी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळलेल्या असतात, कोणी शेतात राबलेले असते. त्यामुळे त्यांच्या शरीराला काम माहीत असते, पण त्या कामाच्या खुणाही शरीरावर असतात: विडी कामगार बायकांचे आखडलेले गुडघे आणि वाकलेली मान, माग चालवलेल्यांचे दुखरे खांदे आणि कमी झालेली श्रवणशक्ती. कार्यक्रम आखताना प्रत्येकाचे पूर्वीचे काम विचारून लिहून ठेवावे, कारण कोणता सांधा जपायचा आणि कोणती हालचाल ओळखीची वाटेल हे त्यातूनच कळते.

'या वयात आता काय ताकद येणार' ही शंका नातेवाइकांच्या मनात असते, तशी खुद्द आजी-आजोबांच्या मनातही असते. तिचे उत्तर बऱ्याच वर्षांपूर्वी मिळालेले आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सिंग होममधील १०० अशक्त वृद्धांवर केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. १० आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, पायांच्या स्नायूंना वजनाचा व्यायाम दिल्यावर त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा वेगही वाढला. ज्यांना व्यायामाविना केवळ पौष्टिक पूरक आहार दिला गेला त्यांची अशक्तता मात्र कमी झाली नाही. या अभ्यासाचा महत्त्वाचा धडा असा की, स्नायूंना भार मिळाला तरच ते वाढतात. खुर्चीत बसून हात वर-खाली करण्याने सांधे मोकळे होतात, मनही प्रसन्न होते, परंतु मांडीत ताकद येत नाही.

पहिली पायरी: तपासणी

कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशासाठी डॉक्टरांची परवानगी घ्यावी आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी समोर ठेवावी. फिजिओथेरपिस्टने एकदा प्रत्येकाला पाहून व्यायाम ठरवून द्यावेत आणि पुढे निदान महिन्यातून एकदा येऊन त्यांत बदल सुचवावेत, हे उत्तम. रोजचा व्यायाम मात्र आश्रमातील प्रशिक्षित सेवकच घेऊ शकतात, आणि माझ्या मते त्यांनीच घ्यावा, कारण कोणाला रात्री झोप लागली नाही आणि कोणी सकाळी चहा घेतला नाही हे त्यांनाच ठाऊक असते.

रक्तदाब दोन अवस्थांमध्ये मोजावा. आधी पाच मिनिटे आडवे पडून राहिल्यावर, नंतर उभे केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर ती व्यक्ती उठताच चक्कर येऊन पडण्याची शक्यता मोठी असते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या आणि लघवीच्या गोळ्यांमुळे असे घडू शकते, आणि डॉक्टरांना हे आकडे दाखवल्यास ते मात्रा किंवा वेळ बदलू शकतात. गोळी परस्पर बंद करू नये. ही मोजणी करायला दहा मिनिटेही लागत नाहीत, तरीही बहुतेक ठिकाणी ती होत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

ज्या दिवशी ताप आहे, बसल्या जागी धाप लागते आहे, छातीत दुखते आहे, रक्तदाब १८०/११० च्या वर आहे, एकाच पायाला नव्याने सूज आली आहे किंवा आदल्या दिवशी पडल्यापासून खुब्यात दुखते आहे, त्या दिवशी व्यायाम देऊ नये आणि डॉक्टरांना कळवावे. छातीतील दुखणे आणि बसल्या जागी लागणारी धाप यांसाठी तर थांबू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी घातलेली बंधने पाळावीत. हाडे ठिसूळ होऊन मणका दबलेल्यांना पुढे वाकण्याचे आणि कमरेत पिळण्याचे व्यायाम देऊ नयेत. जमिनीवरील पश्चिमोत्तानासन किंवा पायाची बोटे पकडणे अनेक ठिकाणी सर्वांकडून सरसकट करून घेतले जाते, ते अशा व्यक्तींसाठी धोक्याचे आहे.

दुसरी पायरी: मोजमाप

सुरुवातीची स्थिती कागदावर असल्याशिवाय पुढे फरक पडला की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी एक घड्याळ, हात टेकायला जागा असलेली एक मजबूत खुर्ची आणि खडूने आखलेली ३ मीटरची रेघ एवढे पुरते.

पहिले मोजमाप ३० सेकंदांचे. हात छातीवर दुमडून खुर्चीतून पूर्ण उभे राहायचे व पुन्हा बसायचे, आणि ३० सेकंदांत असे किती वेळा झाले ते मोजायचे. ८० ते ८४ वयाच्या स्त्रीला ९ पेक्षा कमी आणि पुरुषाला १० पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा अधिक मानतात. वृद्धाश्रमात अनेकांना हातांच्या आधाराशिवाय एकदाही उठता येत नाही. तेव्हा शून्य लिहून थांबू नये, हात टेकून किती वेळा उठता आले ते वेगळ्या रकान्यात लिहावे.

दुसऱ्या मोजमापात खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. नेहमी वापरतात ती काठी किंवा वॉकर वापरू द्यावा. या सगळ्याला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर तोलाकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. तिसरे मोजमाप उभे राहण्याचे: आधी पाऊल पाऊलाला जोडून, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका रेषेत. प्रत्येक स्थितीत १० सेकंद जमते का ते पाहावे, आणि सेवकाने हात पुढे करून अगदी जवळ उभे राहावे.

या नोंदींवरून तीन गट आपोआप पडतात: स्वतः उठून चालणारे, आधाराने उठणारे, आणि चाकाच्या खुर्चीत किंवा अंथरुणावर असलेले. गट वयावरून पाडू नयेत. नव्वदीतील एखादी आजी पहिल्या गटात आणि सत्तरीतील आजोबा तिसऱ्या गटात असू शकतात.

तिसरी पायरी: जागा, वेळ आणि साहित्य

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा लागते. एप्रिल-मे महिन्यांत व्यायाम सकाळी सातच्या आत सुरू करून आठपर्यंत संपवावा, पत्र्याच्या शेडखाली तर मुळीच घेऊ नये, आणि आधी व नंतर प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला द्यावा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरलेले आहे, त्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. हिवाळ्यात साडेआठ-नऊची कोवळ्या उन्हाची वेळ चांगली. रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी व्यायाम नको. चहा आणि थोडे खाणे झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने सुरुवात करावी.

फरशी पुसून पूर्ण वाळलेली असावी. अंघोळीच्या वेळा आणि फरशी पुसण्याची वेळ व्यायामाच्या वेळेशी जुळून येते, हा आश्रमांतील नित्याचा घोळ आहे आणि तो वेळापत्रक बदलूनच सुटतो. पायात गुळगुळीत सपाता किंवा नुसते मोजे नकोत, मागे पट्टा असलेली, टाच न सरकणारी चप्पल असावी. नऊवारी किंवा सहावारी नेसणाऱ्या आजींनी पदर खोचून निऱ्या घोट्याच्या वर घ्याव्यात. पुष्कळ आजींना पुरुषांसमोर पाय उचलून व्यायाम करण्याचा संकोच वाटतो, आणि त्या 'मला नको' म्हणतात तेव्हा कारण आळस नसून हे असते. त्यांची बैठक वेगळी ठेवली की प्रश्न मिटतो.

हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागे सरकतात, म्हणून त्या भिंतीला टेकवूनच ठेवाव्यात. बसण्याची उंची साधारण ४५ सेंटीमीटर असावी. वजनासाठी दुकानातील साहित्याची गरज नाही. जुन्या सोलापुरी चादरीच्या जाड कापडाच्या लांबट पिशव्या शिवून त्यांत अर्धा किलो आणि एक किलो वाळू भरावी, दोन्ही टोकांना पट्ट्या लावाव्यात, म्हणजे त्या घोट्याला बांधता येतात. अर्धा लिटरची पाण्याची भरलेली बाटली हे हाताचे अर्ध्या किलोचे वजन होते. टॉवेल तर या शहरात कुठेही मिळतोच.

चौथी पायरी: खुर्चीतून उठणे शिकवणे

हा सर्व कार्यक्रमाचा कणा आहे, आणि त्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. उठता न येण्याचे कारण दर वेळी ताकद कमी असणे हे नसते. उठण्याची पद्धत विसरलेली असणे हेही अनेकदा कारण असते, कारण वर्षानुवर्षे कोणीतरी बगलेत हात घालून ओढून उठवत आलेले असते.

आधी खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकायला सांगावे. मग दोन्ही पावले खांद्याइतक्या अंतरावर ठेवून टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या. पावले पुढे राहिली तर तरुण माणसालाही उठता येत नाही, हे सेवकांनी स्वतः करून पाहावे. त्यानंतर पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकायचे, इतके की नाक पायाच्या बोटांच्या रेषेवर येईल. येथे बहुतेकांना भीती वाटते आणि ते मागे रेलतात. सेवकाने समोर स्टूल किंवा टेबल ठेवून 'याला हात लावा' असे सांगितले की झुकणे आपोआप जमते. मग पाय जमिनीत दाबून, तोंडाने श्वास सोडत उठायचे. श्वास रोखून धरल्यास रक्तदाब एकदम चढतो, म्हणून मोठ्याने आकडे मोजायला लावावेत, म्हणजे श्वास रोखला जात नाही. उभे राहिल्यावर दोन क्षण थांबून डोके हलके वाटत नाही ना याची खात्री करावी. बसताना मांडीच्या मागच्या बाजूला खुर्ची लागल्याशिवाय बसू नये, आणि धपकन न बसता तीन आकडे मोजत हळूहळू खाली यावे. या हळू खाली येण्यातच स्नायूंना मोठा व्यायाम मिळतो, आणि हाच भाग घाईत सर्वांकडून निसटतो.

सेवकाने बाजूला, कमजोर अंगाच्या दिशेने, किंचित मागे उभे राहावे. हात किंवा बगल धरून ओढू नये, त्याने खांदा निखळू शकतो. गरज असेल तर कमरेला बांधलेला बक्कलाचा रुंद पट्टा धरावा.

सुरुवातीला ५ वेळा उठणे-बसणे, दोन मिनिटांची विश्रांती, पुन्हा ५ वेळा, एवढे पुरे. ज्यांना तेही जड जाते त्यांच्यासाठी बसायला जाड चादरीच्या घड्या घालून उंची वाढवावी. मऊ गादी घालू नये, कारण तीत माणूस रुततो. शेवटचे दोन प्रयत्न कष्टाचे वाटले पाहिजेत, शून्य ते दहाच्या मापावर पाच-सहाइतके. १० वेळांचे दोन टप्पे सहज होऊ लागले की व्यायाम कठीण करावा: आधी दोन हातांऐवजी एका हाताचा आधार, मग हात छातीवर, मग चादरीची एकेक घडी कमी, आणि त्यानंतर छातीशी वाळूची पिशवी. ही वाढ न करता महिनोन्‌महिने तेच ५ प्रयत्न करत राहणे ही मला आढळलेली सर्वांत मोठी उणीव आहे.

पाचवी पायरी: एका बैठकीची मांडणी

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून घ्यावेत, उदाहरणार्थ सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. चालणे रोज असावे, आणि तोलाचा सराव निदान तीन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि ताकद वाढवणारी हालचाल आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावी असे म्हटले आहे. पूर्ण बैठक ४० ते ४५ मिनिटांची असावी, परंतु पहिले दोन आठवडे २० मिनिटांवर थांबावे. आठ-दहा जणांमागे दोन सेवक असावेत.

पहिली सात-आठ मिनिटे बसल्या जागी पावले आपटणे, घोटे फिरवणे, खांदे वर-मागे फिरवणे यांत जावीत. त्यानंतर खुर्चीतून उठणे. मग खुर्चीत बसूनच घोट्याला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करणे, तीन आकडे धरून हळू खाली आणणे, प्रत्येक पायाने ८ ते १० वेळा. गुडघ्याची झीज झालेल्यांना हा व्यायाम उपयुक्त असतो, फक्त दुखणे दहापैकी तीनच्या वर जात असेल किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजत असेल तर वजन कमी करावे. दुखते म्हणून व्यायाम पूर्ण बंद करणे चुकीचे आहे. न हलवलेला गुडघा अधिक आखडतो.

पुढे खुर्चीची पाठ किंवा कठडा दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणे, आणि एकेक पाय कुशीच्या दिशेने बाहेर उचलणे. या दोन व्यायामांनी पोटऱ्या आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू मजबूत होतात, जे चालताना शरीर एका बाजूला कलू देत नाहीत. हातांसाठी भिंतीला तळवे टेकून उभ्याने दाबणे, आणि टॉवेलची दोन टोके दोन हातांत धरून छातीसमोर ताणणे. माग चालवलेल्या आजोबांना टॉवेल ओढण्याचा व्यायाम फार आवडतो, ते तो बाकीच्यांना शिकवतातही. टॉवेलची गुंडाळी मुठीत दाबण्याने पकड सुधारते आणि काठी हातातून सुटत नाही.

हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांची नाडी श्रम होऊनही फारशी वाढत नाही, म्हणून नाडी मोजण्यापेक्षा बोलून पाहावे. व्यायाम करताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्दागणिक थांबावे लागत असेल तर श्रम जास्त होत आहेत.

सोलापुरात एकाच खोलीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारे आजी-आजोबा राहतात. एक दिवस 'एक, दोन, तीन', दुसऱ्या दिवशी 'ओकटि, रेंडु, मूडु', तिसऱ्या दिवशी 'ओंदु, एरडु, मूरु' असे मोजले तर गप्प बसणारी अव्वाही (आजीही) मोजू लागते. भजन, अभंग किंवा जात्यावरची ओवी लावूनही लय धरता येते. एकादशी, श्रावणी सोमवार किंवा रोजे असतील त्या दिवशी ताकदीचे व्यायाम टाळून हलके चालणे ठेवावे.

सहावी पायरी: तोल आणि चालणे

तोलाचा सराव नेहमी भिंत आणि मजबूत आधार यांच्या मध्ये उभे राहून करावा, म्हणजे पडायला जागाच राहत नाही. मोजमापाच्या वेळी ज्या स्थितीत १० सेकंद जमले नाहीत, तिथून सुरुवात करावी. दोन्ही हातांचा आधार, मग एका हाताचा, मग केवळ बोटांच्या टोकांचा, अशी पुढची पायरी गाठावी. डोळे मिटून उभे राहण्याचा सराव वृद्धाश्रमात सामूहिकरीत्या घेऊ नये. सेवक एका वेळी एकाच व्यक्तीजवळ असावा आणि त्याच्या हातात मोबाईल नसावा.

चालण्यासाठी बोळात दर दहा-बारा पावलांवर एकेक खुर्ची ठेवावी. बसायला जागा दिसत असली की भीती कमी होते आणि माणूस अधिक चालतो. वॉकरची उंची तपासावी: हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेत मूठ यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, आणि तिचे रबरी टोक झिजले असेल तर ताबडतोब बदलावे. आकर्षण म्हणून एखादे ठिकाण ठरवता आले तर फार चांगले. ऑक्टोबरात सुरुवात करणाऱ्या गटाला मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेत नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्यांची) मिरवणूक उभ्याने पाहता यावी, हे उद्दिष्ट सोलापूरच्या माणसाला कोणत्याही तक्त्यापेक्षा लवकर पटते.

अंथरुणावर असलेल्यांसाठी

ज्यांचा दिवस अंथरुणात जातो त्यांना कार्यक्रमातून वगळले जाते, आणि वस्तुतः त्यांचेच नुकसान सर्वांत जलद होत असते. पडल्या पडल्या घोटे वर-खाली हलवणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा दुमडणे, गुडघे दुमडून कंबर किंचित उचलणे आणि कुशीवर वळणे हे दिवसातून तीन वेळा घ्यावे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे डॉक्टरांची मनाई नसल्यास पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवणे. पहिल्या दिवशी दोन मिनिटे, हळूहळू पंधरा मिनिटे, आणि शक्य तर रोजचे एक जेवण तसेच बसून. यात पाठीचे स्नायू काम करतात, घास घशात अडकण्याचा धोका कमी होतो, आणि तोच माणूस पुढे खुर्चीपर्यंत पोहोचू शकतो.

विस्मरण झालेल्यांसाठी

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला लांबलचक सूचना समजत नाही, परंतु समोर बसून करून दाखवलेली हालचाल ती उचलते. एका वेळी एकच लहान वाक्य बोलावे, उत्तरासाठी थांबावे, आणि चुकले तरी सुधारू नये. वेळ, जागा, खुर्ची आणि घेणारा सेवक शक्यतो तेच असावेत. हातांना ओळखीची कामे द्यावीत: टॉवेलच्या घड्या घालणे, शेंगा सोलणे, भाजी निवडणे. शेंगा सोलताना मात्र दाणे तोंडात जाऊन घशात अडकू नयेत यासाठी शेजारी सेवक हवा. उभे राहून टेबलावर टॉवेलच्या घड्या घालणारी आजी दहा मिनिटे तोलाचा सराव करत असते, आणि तिला तो व्यायाम आहे हे सांगण्याची गरजही नसते.

उरलेला दिवस

पाऊण तासाच्या व्यायामाने साधलेले उरलेल्या दिवसात वाया जाऊ शकते. वेळ वाचतो म्हणून चालू शकणाऱ्या माणसालाही चाकाच्या खुर्चीत घालून जेवणघरात नेले जाते. सेवकांवर कामाचा ताण खरा असतो, आणि त्यांना दोष देऊन काही साधत नाही. व्यवस्थापनाने जेवणाची घंटा पंधरा मिनिटे आधी वाजवावी, म्हणजे हळू चालणारेही स्वतः येऊ शकतात. जेवायला बसण्यापूर्वी प्रत्येकाने दोनदा उठून बसायचे, असा नियम केला तर नाश्ता आणि दोन जेवणे मिळून दिवसाला सहा उठबशा विनासायास वाढतात. चहा पलंगावर न देता बाहेर ओसरीत ठेवावा.

आहाराचीही येथे गाठ आहे. म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. चहा-बिस्कीट, भात आणि पातळ आमटी यांतून ती मिळत नाहीत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. कडक भाकरी दात नसलेल्यांना चावत नाही, म्हणून मऊ ज्वारीची भाकरी दुधात किंवा घट्ट वरणात कुस्करून, वर बारीक कुटलेली शेंगाची चटणी आणि दही, असे ताट या शहरात सहज जमते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

मधेच काही झाले तर

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्यांची रक्तातील साखर व्यायामापूर्वी १०० च्या खाली असेल तर आधी काही खायला द्यावे. व्यायामात घाम फुटला, हात थरथरले, बोलणे असंबद्ध झाले तर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा. छातीत दुखणे, एका अंगातील शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे यांसाठीही तोच क्रमांक.

कोणी पडले तर घाईने उचलू नये. आधी बोलून पाहावे, डोके आपटले का आणि खुब्यात किंवा मांडीत दुखते का हे विचारावे, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का ते पाहावे. असे काही असेल तर जागेवरच चादर पांघरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या व्यक्तीचे डोके आपटले असेल तर ती ठीक दिसत असली तरी रुग्णालयात न्यावे.

नोंद आणि खंडानंतरची सुरुवात

प्रत्येकासाठी वहीचे एक पान पुरते: तारीख, किती वेळा उठले, किती वजन, किती चालले, काही तक्रार. १२ आठवड्यांनी दुसऱ्या पायरीतील तिन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत आणि जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहून ते पान त्या व्यक्तीला आणि तिच्या घरच्यांना दाखवावे. आकडा वाढला नसेल तर आधी हे पाहावे की व्यायाम कठीण करत नेला होता का, मग आहार आणि गोळ्या. वाढत्या वयात आकडा तेवढाच राहणे हाही लाभच असतो, हे घरच्यांना समजावून सांगावे.

ताप, जुलाब किंवा रुग्णालयातील मुक्कामानंतर आठवड्याभरातच पायांची ताकद लक्षणीय घटते, म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच लगेच सुरुवात करावी. आधीच्या निम्म्या संख्येने, वजनाशिवाय आणि चादरीच्या दोन घड्या पुन्हा खुर्चीवर घालून पहिले तीन-चार दिवस घ्यावेत. उभे राहिल्यावरचा रक्तदाब नव्याने मोजावा, कारण रुग्णालयातून येताना गोळ्या बदललेल्या असतात. दर तिसऱ्या बैठकीला एक-दोन प्रयत्न वाढवत नेले तर बहुतेकांना तीन ते सहा आठवड्यांत जुना आकडा गाठता येतो. तो गाठता आला नाही तर फिजिओथेरपिस्टला पुढच्या महिन्याच्या फेरीची वाट न पाहता बोलवावे.